नाव कुणाचं, काम कुणाचं?

मंडळी, आपल्याकडे नव्या घराच्या वास्तुशांतीला कुणाकुणाचा मान होतो ते आठवून पाहा. गवंड्याला टॉवेल-टोपी मिळते, सुताराला मिळते, फरशी बसवणाऱ्यालाही मिळते. घरधनिणीला माहेरचा आहेर येतो. ज्याने त्या घराचा नकाशा काढला, तो मात्र मांडवात बहुधा नसतो. कारण आमच्या श्रीपूरसारख्या गावात नकाशा असलाच, तर तो परवानगीच्या कागदाला जोडायचा म्हणून काढलेला असतो. घर कसं असावं हे मालक, मालकीण आणि गवंडी यांनी आधीच ठरवलेलं असतं. तेही जोत्याच्या जागेवर उभं राहून, फक्कीने जमिनीवर रेघा ओढून.

अशा गावातली मुलंमुली आता आर्किटेक्ट व्हायला निघाली आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम. त्यांचे आईवडील कुठे कुठे भेटतात आणि विचारतात, ‘घर तर गवंडीही बांधतो, नकाशा तर ओव्हरसियरही काढतो, मग आमच्या पोरीने पाच वर्षं घालवून करायचं काय?’ मी बी.ए. झालेला माणूस, कविता लिहिणारा. इंजिनिअरिंगचं मला काही कळत नाही. पण प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर इतिहासात सापडतं, असं मला वाटतं. तेच आज थोडक्यात मांडतो.

आधी शब्द बघू. इमारत, मजला, दरवाजा, जिना, महिरप, दिवाणखाना, गिलावा हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने मराठीत आले. मिस्त्री हा पोर्तुगिजांकडून आला. ओसरी, पडवी, माजघर, परसू हे आपले जुने. म्हणजे नुसतं ‘ओसरीवरून जिना चढून मजल्यावर गेलो’ असं म्हटलं, तरी कितीतरी मुलखांतले कारागीर त्या वाक्यात येऊन बसतात. अरबीत तर आणखी गंमत आहे. ‘बैत’ म्हणजे घर आणि ‘बैत’ म्हणजेच दोन ओळींचा शेर. त्यातली एक ओळ म्हणजे ‘मिसरा’, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ दाराची एक फळी. दोन फळ्या नीट जुळल्या तर दार लागतं, दोन ओळी जुळल्या तर शेर होतो. घर रचणारा आणि कविता रचणारा यांना शेजारी बसवणारे लोक शहाणे असले पाहिजेत.

आता माणसांकडे येऊ. आमच्या माळशिरस तालुक्यात वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचं यादवकाळातलं मंदिर आहे. त्या काळातल्या दगडी देवळांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री उर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता. दगडावर दगड चुन्याशिवाय बसवण्याची ती रीत त्याच्या नावाने ओळखली जाते. दगड घडवणाऱ्या हातांचं नाव कुठे उरलं नाही. मंत्र्याचं उरलं.

पण दरवेळी असंच झालं असं नाही. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांनी आपलं नाव सेवक म्हणून कोरून ठेवलं. आमच्या जिल्ह्याला लागूनच विजापूर आहे. तिथल्या इब्राहिम रोजावरच्या लेखात मलिक संदल हे बांधणाऱ्याचं नाव आहे. आणि औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, १६६० च्या सुमाराला बांधलेल्या बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दारावर दोन नावं आहेत. अताउल्ला आणि हंसपत राय. एकाने आराखडा केला, दुसऱ्याने बांधकाम पार पाडलं.

हा अताउल्ला ताजमहालाशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. त्याने १६३४-३५ च्या सुमाराला भास्कराचार्यांच्या बीजगणिताचं फारसी भाषांतर केलं होतं. संस्कृतातलं गणित समजून घेणारा हा माणूस दख्खनेत येऊन घुमट उभारतो आणि दारावर आपल्या नावाशेजारी हंसपत रायाचंही नाव येतं. आराखडा करणारा आणि काम करून घेणारा यांची नावं एकाच दारावर, ही गोष्ट मला घुमटापेक्षा मोठी वाटते. पुढे नेमकं हेच जोडपं फुटलं.

ते फुटलं मुंबईत. १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. सुरुवातीला भर होता तो हाताच्या कामावर. १८७८ ते १८८८ या काळात बोरीबंदरचं व्हिक्टोरिया टर्मिनस उभं राहिलं, तेव्हा त्यावरचं कोरीवकाम जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी केलं. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर आपण गाडी पकडायला धावतो, तेव्हा डोक्यावर ती पानं, फुलं, माकडं, मोर असतात. इमारतीचं श्रेय फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सकडे गेलं आणि ते रास्तही आहे. पण बांधकामावर त्यांच्यासोबत सीताराम खंडेराव वैद्य नावाचे आपले एक इंजिनिअर होते, हे किती जणांना ठाऊक असतं?

पुढे जे. जे. मध्ये आर्किटेक्चरचं स्वतंत्र शिक्षण सुरू झालं. तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये एक संघटना काढली. तिचे पहिले अध्यक्ष जॉर्ज विटेट, म्हणजे गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणारे. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारतही त्यांचीच, आणि तिच्या रचनेत विजापूरच्या गोलघुमटाचा अभ्यास दिसतो. त्या विद्यार्थी संघटनेतूनच १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही संस्था आकाराला आली. १९३६ मध्ये पेरीन मिस्त्री यांनी जे. जे. तून पदविका घेतली. आर्किटेक्चरची पदविका घेणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या महिला मानल्या जातात. आडनाव मिस्त्री! आज या अभ्यासक्रमाच्या वर्गांत मुलींची संख्या मोठी आहे, तिची सुरुवात तिथून झाली.

हे सगळं घडत होतं, तेव्हा आर्किटेक्ट हा धंदा म्हणून उभा राहिला खरा, पण तो शहरात उभा राहिला. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे बँका, विमा कंपन्या, गिरणीमालक, सरकार. आमच्या भागात इमारती आल्या त्या कारखान्यांच्या पाठोपाठ. श्रीपूर हे तर साखरेभोवती वाढलेलं गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली, तिचा कारखाना इथे आला आणि माळरानाला वस्ती मिळाली. कारखान्याच्या वसाहतीत घरं एका रांगेत, एका मापाची, इंजिनिअरने आखलेली. कारखान्याबाहेर शेतकऱ्यांची घरं गवंड्याच्या मर्जीची. आर्किटेक्ट या दोन्हींत कुठेच नव्हता.

मध्यमवर्गाला मदत झाली ती एका इंजिनिअरच्या लेखणीची. पुण्याच्या र. श्री. देशपांडे यांनी १९३० च्या दशकात साध्या माणसाला परवडतील अशा स्वस्त आणि निरोगी घरांवर पुस्तकं लिहिली. हवा कुठून यावी, स्वयंपाकघरातला धूर कुठे जावा, न्हाणीचं पाणी कसं काढावं, अशा रोजच्या गोष्टी सांगणारं लिखाण. आर्किटेक्ट पोचत नव्हता तिथे पुस्तक पोचलं.

स्वातंत्र्यानंतर या धंद्याला कायद्याचं कुंपण मिळालं. १९७२ चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट १ सप्टेंबर १९७२ पासून लागू झाला, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर आली. नोंदणी केल्याशिवाय कुणी स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायचं नाही, असं कायदा सांगतो. अनेक वर्षं लोकांची समजूत अशी की, डॉक्टरशिवाय जसं ऑपरेशन नाही तसं आर्किटेक्टशिवाय आराखडा नाही. १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोएडातल्या काही पदांच्या वादात निकाल दिला आणि चित्र स्वच्छ झालं. न्यायालय म्हणालं, हा कायदा राखतो ते ‘आर्किटेक्ट’ हे नाव. नोंदणी नसलेल्याने ते नाव लावायचं नाही. मात्र इमारतीचा आराखडा करणं, देखरेख करणं ही कामं या कायद्याने फक्त आर्किटेक्टसाठी राखून ठेवलेली नाहीत.

म्हणजे नाव तुमचं, काम सगळ्यांचं. या निकालाने अनेक आर्किटेक्ट हिरमुसले. मला मात्र वाटतं, जे खेड्यात कायमच होतं तेच न्यायालयाने कायद्याच्या भाषेत सांगितलं. नावाला राखण मिळाली आहे, कामाची जागा मात्र प्रत्येक पिढीला कामानेच मिळवावी लागणार. कवीचंही तसंच असतं. नावापुढे ‘कवी’ छापून घेता येतं, ओळ सुचण्याची हमी कुणी देत नाही.

आणि काम काय आहे हे आपल्या भागाला एका पहाटेने शिकवलं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. तीव्रता सुमारे ६.२. जगाच्या मानाने हा काही सर्वांत मोठा भूकंप नव्हता, पण आठ हजारांच्या जवळपास माणसं गेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांतल्या गावांची माती झाली. सोलापूर जिल्ह्यातही घराघरांत माणसं जागी होऊन रस्त्यावर आली होती.

माणसं कशाने गेली? घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, दगड मातीत बसवलेले, वर लाकडी तुळयांवर मातीचं जाड माळवद. हे घर मूर्खपणाने बांधलेलं नव्हतं, हे आधी नीट समजून घ्या. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. जाड भिंत आणि मातीचं छत ती आग आत येऊ देत नाहीत. शतकांच्या अनुभवाने हे घर उन्हासाठी तयार झालं होतं. पण भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना जोडणारे आरपार दगड घालायची जुनी काळजी सुटत गेली, आणि गळती थांबवायला माळवदावर दरवर्षी नव्या मातीचा थर चढत गेला. भिंत आतून दुभंगलेली, डोक्यावर ओझं वाढलेलं. जमीन हलली आणि भिंती दोन्हीकडे उघडल्या. या उणिवा साध्या होत्या, दाखवल्या असत्या तर गवंड्याला एका दिवसात कळल्या असत्या. दाखवणारा तिथे कधी गेलाच नव्हता.

नंतर मोठं पुनर्वसन झालं. बावन्न गावं नव्या जागी उठवली. नव्या गावात रस्ते सरळ आणि रुंद, प्लॉट चौकोनी. घर भूकंपाला टिकणारं झालं, ही फार मोठी गोष्ट. पण भावकी विखुरली, गोठा कुठे बांधायचा हे कळेना, बायकांना बसायला वाड्याचा आडोसा उरला नाही. ज्या गावांत घरं जागेवरच दुरुस्त करून मजबूत करायची होती, तिथे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने महिला मंडळांतल्या बायकाच पुढे आल्या. त्यांनी घरोघरी जाऊन समजावलं, गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवलं. ज्यांना कधी बांधकामातलं विचारलं नव्हतं, त्यांनीच ते तपासलं. भविष्यातल्या आर्किटेक्टने सगळ्यांत आधी वाचावा असा हा धडा आहे.

कारण किल्लारीनंतर आपण एक टोक सोडून दुसरं गाठलं. लोकांना माळवदाचं भय बसलं, दगडाचंही बसलं. ज्याला जमलं त्याने सिमेंटचा स्लॅब टाकला, ज्याला नाही जमलं त्याने पत्रा. आता वैशाखात आमच्याकडे येऊन बघा. चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती आग खाली सोडत राहतो. पत्र्याखाली तर दुपारी बसवत नाही. म्हातारी माणसं लिंबाखाली बाज टाकतात, तान्ही पोरं रात्रभर किरकिरतात. उन्हाळे अधिक कडक होत चालले आहेत, त्यामुळे हा प्रश्न वाढणारच. भूकंपाला टिकणारं आणि उन्हालाही टिकणारं, शिवाय शेतमजुराला परवडणारं घर कसं असेल? छतावर विटांच्या तुकड्यांचा कोबा करायचा का, वरून पांढरा चुना मारायचा का, खिडकी कोणत्या दिशेला आणि केवढी, गरम हवा वर निघून जायला झरोका कुठे? हे प्रश्न काचेच्या मनोऱ्यांच्या चित्रांपेक्षा अवघड आहेत आणि यांना गिऱ्हाईक लाखांनी आहेत.

हे जमलेलं नाही असंही नाही. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला घरांची एक वस्ती आखली. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, प्रत्येकाला स्वतःची उघडी जागा, भिंती शेजाऱ्याशी जोडलेल्या नाहीत, म्हणजे पैसे आले की घर वाढवता यावं. बांधकाम असं की साध्या गवंड्याला जमावं. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरला अरण्य वसाहत केली. गरिबांच्या वाट्याला तिथे जोतं, संडास-मोरी आणि थोडं बांधकाम आलं, पुढचं घर ज्याचं त्याने सवडीने वाढवायचं. त्या कामाला १९९५ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला, आणि दोशींना २०१८ मध्ये जगातला मोठा प्रित्झकर पुरस्कार. या दोघांनी घर पूर्ण करून हातात ठेवलं नाही, राहणाऱ्याला पूर्ण करायला जागा ठेवली. बेलापूरच्या कितीतरी घरांचं मूळ रूप आता ओळखू येत नाही, अशी हळहळ कुणी करतात. मला वाटतं, वाढायला सोडलेलं घर वाढलं, यात रडण्यासारखं काय?

आता आमच्या सोलापूरचीच गोष्ट घ्या. शहराजवळ कुंभारी इथे विडी कामगार महिलांसाठी आधी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली. नंतर असंघटित कामगारांसाठी रे नगर हा ३०,००० घरांचा प्रकल्प आला. त्यातली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ रोजी लोकांच्या हाती पडली. त्यामागे कामगारांचा मोठा लढा होता आणि भाड्याच्या खोलीत जन्म काढलेल्या बाईला स्वतःचं दार मिळणं म्हणजे काय, ते शब्दांत सांगता येत नाही.

पण आर्किटेक्ट होऊ पाहणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. विडी कामगार बाई घरातच काम करते. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, दिवसभर मान खाली. तिला उजेड लागतो तो दारातल्या जागेत, जमिनीपासून हातभर उंचीवर. वारा हवा, पण पान उडवणारा नको. भिजवलेलं पान ठेवायला ओलसर कोपरा हवा, आणि तंबाखूची धूळ चुलीपासून, पाळण्यापासून दूर राहायला हवी. मोठ्या वसाहतीत एकच आराखडा हजारो वेळा उतरतो. उंबऱ्याजवळची खिडकी अर्धा फूट खाली घेतली, तर ती सुधारणा तितक्या हजारांनी गुणली जाते. चूक झाली, तर चूकही तितकीच गुणली जाते. अशी ताकद फार थोड्या धंद्यांत असते. पण ती खिडकी किती खाली हवी हे कळायला आधी त्या बाईशेजारी जमिनीवर बसावं लागतं.

पुढच्या आर्किटेक्टांपुढची अडचण मी लपवत नाही. लहान गावात फी देताना हात आखडतो. दिशा बघून न्हाणीघर हलवायला सांगणाऱ्याला जे आनंदाने दिलं जातं, ते नकाशा काढणाऱ्याला देताना जिवावर येतं. शहरात नव्या पोरांना तुटपुंज्या पगारावर रात्र-रात्र राबवलं जातं. आणि आता तर संगणकाला सांगितलं, की प्लॉट एवढा, खोल्या इतक्या, की घटकेत दहा नकाशे समोर येतात. नियमात बसणारे, मापात चोख. ज्याचं काम फक्त मापाचं होतं, त्याचं काम जाणार. कविताही यंत्र करू लागलं आहे, त्यामुळे ही धास्ती मला परकी नाही. पण यंत्राला जे सांगितलं जाईल त्यावरच ते चालतं. विडी वळणारीला उजेड कुठे हवा, हे त्याला कुणीतरी सांगावं लागेल. सांगणाऱ्याने ते पाहिलेलं असावं लागेल.

म्हणून माझ्या मनात एक साधी सूचना आहे. महाराष्ट्रात सरकारी मेडिकल कॉलेजातून शिकलेल्या डॉक्टरांना काही काळ ग्रामीण सेवेचं बंधन असतं. सरकारी मदतीवर शिकणाऱ्या आर्किटेक्टनाही तसं का नसावं? आमच्यासारख्या गावांतून आता नगरपंचायती झाल्या आहेत. महाळुंग-श्रीपूरलाही झाली आहे. तिथे आठवड्याच्या बाजारादिवशी एका टेबलाशी एक तरुण आर्किटेक्ट बसला, आणि घर बांधू पाहणाऱ्याने येऊन विचारलं, ‘ताई, स्लॅब टाकतोय, गरम होऊ नये म्हणून काय करू?’, तर वर्षभरात त्या मुलीला जे कळेल ते पाच वर्षांच्या वर्गात कळणार नाही. गवंड्यालाही त्याच टेबलाशी खुर्ची द्यावी. त्याला उन्हाचं, दगडाचं, मजुराच्या हाताचं माहीत आहे. तिला भूकंपाचं, वाऱ्याच्या गणिताचं माहीत आहे. दोघांनी एकमेकांना शिकवलं, तर बिघडणार कुणाचंच नाही.

अताउल्ला आणि हंसपत राय यांना हे साडेतीनशे वर्षांपूर्वी जमलं होतं. बादशाही खजिन्यातून पैसे येत होते म्हणून जमलं, असं कुणी म्हणेल. पण मला वाटतं, पत्र्याच्या घराला बादशाही खजिना लागत नाही. एक नीट ठेवलेला झरोका लागतो, भिंतीत मापाने बसवलेले आरपार दगड लागतात आणि ते तिथे का हवेत हे समजावून सांगायला वेळ काढणारा माणूस लागतो.